एटीव्हीचं इंजिन घरी बांधलं. कॉम्प्रेशन आहे, करंट आहे, तरी दोरी उलटी हिसकावतंय

चिखलगाडी

मंडळी, जाणकारांनी प्रकाश टाकावा.

एक जुनी चारचाकी एटीव्ही (कच्च्या रस्त्यावर पळवायची गाडी) बंद अवस्थेत घेतली. एअर-कूल्ड, एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक, २८२ सीसी, बोअर ७४ मिमी, कार्ब्युरेटरवाली. आधीचा मालक म्हणाला, "फक्त रिंगा गेल्यात, बाकी टकाटक." हे वाक्य प्रत्येक बंद गाडीबरोबर फुकट मिळतं, तुम्हाला ठाऊकच आहे.

इंजिन घरीच खोललं. बोअर ०.५० ओव्हरसाइज करून घेतला. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह सील, टेन्शनर आणि सगळी पॅकिंग नवी. व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले. हेड किंचित वाकलं होतं, ते ०.२ मिमी प्लेन करून घेतलं. टायमिंग चेन मोजली, मर्यादेत होती म्हणून तीच ठेवली. कनेक्टिंग रॉडला वर-खाली अजिबात प्ले नाही, त्यामुळे खालचा भाग उघडला नाही. मॅग्नेटलाही (क्रँकशाफ्टच्या टोकावरचं चुंबकांचं चाक) हात लावला नाही.

आता दुखणं. दोरी ओढली की मध्येच उलटा झटका बसतो आणि मूठ हातातून निसटते. स्टार्टरने फिरवलं तर 'खड्' करून अडकतं. कार्ब्युरेटरमधून फटाफट शिंका. कधी चुकून चालू झालंच, तर जेमतेम धुगधुगी, आणि थ्रॉटल दिला की बंद.

प्लग नवा, गॅप ०.७ ते ०.८ च्या मधे, करंट चांगला निळा. कार्ब्युरेटर पूर्ण खोलून साफ केला, पायलट जेटमधून आरपार उजेड दिसतो. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पुस्तकात दिलंय तसं. कॉम्प्रेशन थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून १५५ पीएसआय.

एकच गोष्ट खटकतेय. मॅग्नेटवरची 'टी' खूण (पिस्टन अगदी वर असल्याची) खिडकीत आणली की कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) चक्रीवरची रेघ हेडच्या कडेशी सपाट यायला हवी. ती जेमतेम दोन मिमी पुढे जाते. चेन एक दात मागे घेतली तर साडेचार मिमी मागे पडते. म्हणून जवळची निवडली.

नुसताच_वाचक

वाचतोय.

दोन_स्ट्रोक

टू-स्ट्रोक घ्यायची होती राव. ना कॅम, ना टॅपेट, ना चेन. धागा काढायची वेळच आली नसती. (हलकं घ्या.)

ग्रीसमास्तर

चिखलराव, आधी एक सांगा. खिडकीत 'टी' आणलीत की 'एफ'? दोन्ही खुणा शेजारी शेजारी असतात आणि काजळी बसली की सारख्याच दिसतात. 'एफ' ही ठिणगीची खूण, ती 'टी'च्या थोडी आधी येते. 'एफ'वर कॅम बसवला की रेघ कधीच नीट जुळत नाही, आणि माणूस "जवळची" म्हणून पुढे जातो. तुमचं वर्णन वाचून पहिली शंका तीच आली.

दुसरं, कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधला रबर बघा. जुना रबर बाहेरून धड दिसतो, पण वाकवला की आतल्या बाजूला चिरा दिसतात.

उरलेला_बोल्ट

सरळ केस आहे. कॅम १८० अंशांनी उलटा बसलाय. एक्झॉस्ट स्ट्रोकला ठिणगी पडतेय, म्हणून शिंका. काढा आणि अर्धा फेरा फिरवून बसवा.

टॅपेटताई

बोल्टभाऊ, असल्या इंजिनात तो प्रश्नच येत नाही. ठिणगीची वेळ सांगणारा सेन्सर, म्हणजे पिकअप, मॅग्नेटवर चालतो आणि मॅग्नेट क्रँकवर. म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टला. दुसरी वाया जाते. पिस्टन वर असताना कॅमचे लोब वर ठेवा नाहीतर खाली, कॉम्प्रेशन स्ट्रोक कुठला ते कॅमच ठरवतो आणि ठिणगी दोन्हीकडे हजर असते. कॅमवर वेगळा सेन्सर असेल तर गोष्ट वेगळी. इथे कार्ब्युरेटर आणि साधा सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आहे.

उरलेला_बोल्ट

ताई, मग माझी गाडी कॅम काढून उलटा बसवल्यावर लगेच चालू कशी झाली?

टॅपेटताई

काढून पुन्हा बसवताना दात बरोबर पडला असणार.

दोन_स्ट्रोक

बोल्टभाऊ, नावाप्रमाणे त्या वेळी एखादा बोल्ट उरला होता का?

उरलेला_बोल्ट

दोन. गाडी अजून चालतेय. कंपनी जास्तीचे घालते.

मायक्रोमीटर

सगळे कॅमवर तुटून पडलेत, पण मुळात बांधणी नीट झालीय का ते कोणी विचारलंच नाही. धागाकर्त्यांनी पुढच्या गोष्टींची उत्तरं द्यावीत.

रिंगेची गॅप मोजली का? रिंग बोअरमधे घालायची, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ बसवायची आणि फीलर गेज घालायचा. ढोबळ हिशेब बोअरच्या दर २५ मिमीला ०.१ मिमी, म्हणजे तुमच्या बोअरला ०.३० च्या आसपास. अंतिम आकडा पिस्टनबरोबर आलेल्या कागदावरचा. गॅप कमी असेल तर गरम झाल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअर ओरबाडला जातो. रिंगेवरचं अक्षर किंवा ठिपका वर होता का? तळाच्या ऑइल रिंगेच्या नागमोडी पट्टीची टोकं एकमेकांवर चढलेली नाहीत ना? चढली तर धूर काढत बसाल.

पिस्टन मोजताना डोक्यापाशी मोजून उपयोग नाही, तिथे तो मुद्दाम लहान ठेवलेला असतो. स्कर्टच्या खालच्या कडेपासून साधारण १० मिमी वर, गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) काटकोनात मोजायचा. बोअर वर, मधे आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. "बोअरिंगवाल्याने बरोबरच केलं असेल" हे माप नव्हे.

आणि होनिंगनंतर बोअर कशाने धुतला?

चिखलगाडी

मास्तर, 'टी'च आहे. मॅग्नेट पुसून, टॉर्च मारून बघितलं. 'एफ' तिच्या आधी आहे, तीही स्पष्ट दिसते. रबर नवा टाकला.

मायक्रोमीटर साहेब, वरच्या रिंगेची गॅप ०.३२, दुसरीची ०.३५. खुणा वर, तिन्ही रिंगांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना. पिस्टनवरचं 'इन' इनटेककडे. बोअरची मापं स्वतः घेतली, क्लिअरन्स ०.०४. गजन पिनचे लॉक नवे, त्यांची तोंडं पिस्टनच्या खाचेसमोर येऊ दिली नाहीत. बोअर गरम पाणी, साबण आणि ब्रश.

मायक्रोमीटर

बरं. पास.

ढकलस्टार्ट

साबण? आम्ही आयुष्यभर डिझेलने धुतले बोअर. काही बिघडलं नाही.

मायक्रोमीटर

डिझेल आणि पेट्रोल तेल काढतात. होनिंगच्या दगडाची भुकटी जाळीदार चरांमधे अडकून बसते, तिला पाणी, साबण आणि घासणं लागतं. डिझेलने धुतलेला बोअर पांढऱ्या फडक्याने पुसून बघा, फडकं करडं होतं. ती भुकटी म्हणजे घासायची पेस्टच, आणि ती तुम्ही नव्या रिंगांखाली ठेवून इंजिन चालू करताय. धुतल्यावर लगेच कोरडं करून तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर बिडावर बघता बघता गंज धरतो.

ढकलस्टार्ट

धूर मारतेच म्हणा गाडी. मला वाटायचं वयामुळे.

नुसताच_वाचक

हा भाग वहीत उतरवून घेतला. निकासिलचा बोअर असेल तर काय?

मायक्रोमीटर

निकासिलचा (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा) थर अतिशय कडक आणि पातळ असतो. साध्या दगडाने होन करायचा नाही. ओव्हरसाइज बोअर करायचा म्हटलं तर थरच निघून जाणार, मग नव्याने थर चढवून घ्यावा लागतो. थर शाबूत असेल तर साफ करायचा, मोजायचा आणि त्याच मापाचा पिस्टन घालायचा. चिखलगाडी यांचा बोअर बिडाचा दिसतो, नाहीतर ०.५० ओव्हरसाइज झालाच नसता.

ग्रीसमास्तर

'टी' नक्की असेल तर रेघ न जुळण्याचं कारण साधं आहे. हेड प्लेन केलंय आणि चेन जुनी आहे. हेड खाली आलं, चेन थोडी ताणलेली, त्यामुळे खुणा थोड्या सरकणारच. मी अशी डझनावारी इंजिनं बांधलीत, कधीच रेघ तंतोतंत नसते. कॅम सोडा. ठिणगीचा टायमिंग बघा. स्ट्रोब लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) मिळाला तर लावा.

टॅपेटताई

मास्तर, अनुभवाबद्दल आदर आहे, पण इथे आकडे जुळत नाहीत. चिखलगाडी, चक्रीचे दात किती?

चिखलगाडी

३४. चेनची पिच ६.३५.

टॅपेटताई

मग हिशेब मांडू.

३४ दात म्हणजे एक दात कॅमवर १०.६ अंश. कॅम अर्ध्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकवर २१.२ अंश. ३४ दात गुणिले ६.३५ म्हणजे परीघ २१६ मिमी, त्रिज्या साधारण ३४ मिमी. हेड ०.२ मिमी खाली आलं तर चक्री किती फिरेल? ०.२ भागिले ३४, म्हणजे अंशाचा तिसरा हिस्सा. रेघेवर तो ०.२ मिमीच दिसणार. डोळ्यांना कळतसुद्धा नाही. इथे फरक दोन मिमीचा आहे.

आणि दिशा बघा. हेड प्लेन झालं किंवा चेन ताणली गेली तर कॅम *मागे* पडतो, कारण ओढणाऱ्या बाजूच्या चेनला क्रँककडून जास्त फिरून यावं लागतं. यांची रेघ *पुढे* आहे. मास्तरांनी सांगितलेली दोन्ही कारणं उलट्या दिशेला जातात.

तिसरी गोष्ट. पुढचे दोन आणि मागचे साडेचार मिळून साडेसहा, म्हणजे जवळपास बरोबर एक पिच. म्हणजे चिखलगाडींनी मोजलंय नीट. दात पूर्णच असतो, अर्धा दात नसतो. सगळं जागेवर असेल तर एका दातावर रेघ सपाट यायलाच हवी. दोन दातांच्या मधे ती येते, याचा अर्थ क्रँक, मॅग्नेट, चक्री, कॅम यांपैकी काहीतरी एकमेकांच्या तुलनेत सरकलंय.

चक्री कॅमवर कशी बसते? दोन बोल्ट की पिन?

चिखलगाडी

दोन बोल्ट, भोकं घट्ट. एकाच पद्धतीने बसते. कॅम आणि चक्री सरकलेली नाही, नक्की.

मधल्या वेळात शेजारच्या गॅरेजवाल्याकडून स्ट्रोब आणला. प्लग बाहेर काढून, हेडला टेकवून, स्टार्टरने फिरवत बघितलं. 'एफ' खूण खिडकीतल्या स्थिर खुणेसमोर अगदी थिजल्यासारखी उभी. सुतभर इकडे तिकडे नाही.

ग्रीसमास्तर

झालं. इग्निशन सुटलं. आता कार्ब्युरेटरची फ्लोट उंची बघा.

उरलेला_बोल्ट

मी अजूनही १८० वर ठाम आहे.

तीनचाकी

अवांतर: चारचाकी म्हणालात म्हणून आठवलं. या गाड्यांची सुरुवात तीन चाकांवर झाली. होंडाची यूएस ९०, १९७० ची, पुढे तिचंच नाव एटीसी ९० झालं. मोठे गुबगुबीत फुग्यासारखे टायर, सस्पेन्शन जवळपास तेच. पहिली चारचाकी सुझुकीची क्वाडरनर एलटी१२५, ८० च्या दशकाच्या सुरुवातीची. वळताना तीनचाकी उलटण्याचे अपघात इतके झाले की १९८८ मधे अमेरिकेत कंपन्यांनी सरकारशी समझोता करून नव्या तीनचाकींची विक्री थांबवली. माझ्याकडे एक आहे. वळणावर अंग आतल्या बाजूला झोकून द्यावं लागतं, नाहीतर ती आपल्याला झोकते.

दोन_स्ट्रोक

यामाहा बॅन्शी विसरलात. ३५० सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. बस, एवढंच सांगायचं होतं.

नुसताच_वाचक

तीनचाकीचा वेगळा धागा काढा हो. फोटोसकट.

टॅपेटताई

मूळ मुद्द्यावर येते. स्ट्रोबने काहीच सुटलेलं नाही.

ठिणगी कोण पाडतं? मॅग्नेटच्या बाहेरचा उंचवटा, पिकअपसमोरून गेला की. 'एफ' खूण कुठे आहे? त्याच मॅग्नेटवर. दोन्ही एकाच लोखंडावर कोरलेल्या. मॅग्नेट क्रँकवर कितीही फिरलेला असो, स्ट्रोबला 'एफ' जागेवरच दिसणार. पिकअप आणि सीडीआय ठीक आहेत एवढंच कळलं. पिस्टन त्या क्षणी कुठे आहे, हे स्ट्रोब सांगूच शकत नाही.

तुम्ही मॅग्नेटला हात लावलेला नाही आणि गाडी बंद अवस्थेत घेतलीय. म्हणजे 'टी' खूण खरी आहे हे अजून कोणीच तपासलेलं नाही. मॅग्नेट आणि क्रँकच्या मधली चावी अर्धवट कापली गेली असेल तर मॅग्नेट फिरून बसतो आणि खुणा सगळ्या खोट्या होतात.

तपासायची रीत: जुना प्लग घ्या, चिनीमाती फोडून काढा, त्यात टोक गोल केलेला बोल्ट बसवा. हा झाला अटकाव. पिस्टन खाली असताना प्लगच्या जागी लावा. आता क्रँक *हाताने*, हळू, पिस्टन बोल्टला टेकेपर्यंत फिरवा. खिडकीच्या खुणेसमोर मॅग्नेटवर पेन्सिलने रेघ मारा. मग उलट दिशेने फिरवून पुन्हा टेकवा, दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मधे, वरच्या बाजूला, खरा टीडीसी, म्हणजे पिस्टनचा सगळ्यात वरचा बिंदू. 'टी' तिथेच आहे का बघा.

उरलेला_बोल्ट

एवढं कशाला? प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालायचा, वर यायचा थांबला की टीडीसी.

टॅपेटताई

पिस्टन टीडीसीच्या आसपास बराच वेळ जवळपास हलतच नाही. पाच-दहा अंश इकडे-तिकडे झाले तरी स्क्रूड्रायव्हर तसाच उभा. इथे आपल्याला नेमके तेच अंश हवेत. शिवाय तिरप्या भोकात स्क्रूड्रायव्हर अडकला तर नवा पिस्टन जायचा. अटकावाने दोन्ही बाजूंना पिस्टन वेगात असताना मोजता येतं, म्हणून चूक कमी. स्टार्टरला हात लावायचा नाही, बॅटरीची तार काढून ठेवा.

चिखलगाडी

ताई, दंडवत.

रिकॉइलचं (दोरीच्या स्टार्टरचं) कव्हर काढलं, मॅग्नेटच्या कडेवर कागदी पट्टी चिकटवली आणि दोन्हीकडून टेकवून खुणा केल्या. मधला बिंदू 'टी'वर नाही. गाडी चालते त्या दिशेने फिरवलं की 'टी' आधी येते आणि खरा टीडीसी तिच्यानंतर १६ मिमीने. मॅग्नेटचा व्यास १२० मिमी, परीघ ३७७, म्हणजे मिलिमीटरला जवळपास एक अंश. १५ अंश!

ग्रीसमास्तर

मानलं. ठिणगी १५ अंश लवकर पडत होती, तीही स्टार्टरच्या वेगाला. पिस्टन वर यायच्या आत स्फोट. झटका मारणारच.

टॅपेटताई

आणि कॅमचं कोडंही सुटलं. १५ अंश क्रँकवर म्हणजे कॅमवर साडेसात, चक्रीच्या कडेवर साडेचार मिमी. तुम्ही "मागे पडते" म्हणून सोडलेला दात, तोच खरा होता. "जवळचा" म्हणून निवडलेला एक दात पुढे आहे. इतका वेळ कॅम २१ अंश पुढे आणि ठिणगी १५ अंश पुढे, असं चाललं होतं. पुन्हा स्टार्टर मारू नका, इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या फार जवळ येत असेल.

मॅग्नेट काढा. पुलरनेच.

ढकलस्टार्ट

पुलर नसेल तर दोन टायर लिव्हर आणि हातोडी...

मायक्रोमीटर

नको! मॅग्नेटच्या आतले चुंबक चिकटवलेले असतात, हातोडीने सुटतात किंवा तडकतात. मग चालू इंजिनात एक तुकडा सुटला की स्टेटर (मॅग्नेटच्या आतली वीज बनवणारी कॉइल) साफ. क्रँकच्या टोकावर मारलं तर क्रँक एका बाजूला सरकतो. पुलरचे आटे पूर्ण आत जाऊ द्या, पाना ताणा, आणि तरीही सुटत नसेल तर पुलरच्या बोल्टच्या डोक्यावर एक टिचकी. टेपर (क्रँकचं निमुळतं टोक, ज्यावर मॅग्नेट बसतो) एकदम 'टक्' करून सोडतो.

चिखलगाडी

तसाच सुटला, 'टक्'.

चावी हातात आहे. अर्धचंद्राकृती, वरून बघितली तर एकाच तुकड्याची वाटते. आडवी धरली की दिसतं: वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याच्या पुढे सरकलाय, मधे पायरी. पायरीची कड चकचकीत, नखाला अडकते. तुटलेली नाही, दोन्ही अर्धे अजून एकमेकांना धरून आहेत. क्रँकच्या टेपरवर मोरपंखी रंगाचे डाग आणि गोल ओरखडे, मॅग्नेटच्या आतही तसेच. नट मात्र घट्ट होता. म्हणजे आधी कधीतरी सैल चालवला आणि मग कोणीतरी तसाच आवळून टाकला. "बाकी टकाटक."

नवी चावी टाकून बसवू का?

ग्रीसमास्तर

थांबा. चावी भार घेतच नाही, ती फक्त जागा दाखवते. भार टेपर घेतो. टेपर ओरबाडलेला असेल तर नवी चावीही अशीच जाईल. बारीक व्हॉल्व्ह पेस्ट घ्या, चावी न घालता मॅग्नेट क्रँकवर ठेवून हाताने थोडं थोडं मागे-पुढे फिरवा. पूर्ण गोल फेरे नकोत. खाली बेअरिंग आणि सीलपर्यंत पेस्ट जाऊ नये म्हणून फडकं गुंडाळा. करडी, एकसारखी पट्टी सगळीकडे दिसली की पुरे. जास्त घासलं तर मॅग्नेट आत जाऊन स्टेटरला लागेल. मग दोन्ही टेपर पेट्रोलने पुसून एकदम कोरडे. तेल नको, ग्रीस नको.

उरलेला_बोल्ट

लॉकटाइट?

ग्रीसमास्तर

टेपरवर नको. नटाला पुस्तकात असेल तर, आणि टॉर्क पान्यानेच.

मायक्रोमीटर

मास्तरांशी सहमत, क्वचित होतो. फक्त क्रँकमधली चावीची खाच रुंद झालीय का तेही बघा. नवी चावी खाचेत हलत असेल तर क्रँकचं काम निघेल. आणि मॅग्नेटच्या पाठीला स्टार्टरचा एकेरी क्लच असतो, तो खोललाच आहे तर त्याचे रोलर बघून घ्या. इतके उलटे झटके त्यानेच खाल्लेत.

चिखलगाडी

खाच शाबूत, नवी चावी बोटाने दाबून बसली, हलत नाही. क्लचचे रोलर ठीक, स्प्रिंग एक दमलेली होती, बदलली. टेपर घासला. मॅग्नेट बसवून अटकावाने पुन्हा मोजलं, 'टी' आता पेन्सिलच्या रेघेवर आहे. कॅम काढून परत लावला, टेन्शनर सोडला, हाताने दोन फेरे फिरवून पुन्हा बघितलं. रेघ हेडच्या कडेशी सपाट. हेड प्लेन केल्याचा काही मागमूस नाही, ताईंनी सांगितलं तसंच.

प्लग न लावता, हेडमधला तेल तपासायचा बोल्ट ढिला करून, तेल वर येईपर्यंत स्टार्टर फिरवला. मग दोरी. चालू झाली. झटका नाही, शिंक नाही.

एक विचित्र गोष्ट मात्र आहे. कॉम्प्रेशन पुन्हा मोजलं तर १४०. आधी १५५ होतं. गाडी चांगली चालतेय आणि आकडा उतरलाय?

टॅपेटताई

उतरणारच. कॅम एक दात पुढे होता तेव्हा इनटेक व्हॉल्व्ह लवकर बंद होत होता. पिस्टन वर येताना जास्त प्रवास बंद सिलिंडरमधे करायचा, म्हणून स्टार्टरच्या वेगाला गेज जास्त दाखवत होता. आता व्हॉल्व्ह आपल्या वेळेला, थोडा उशिरा बंद होतो. नव्या रिंगा अजून बसायच्या आहेत, आकडा थोडा वर येईल. कॅम चुकून मागे बसला असता तर आकडा पडला असता आणि सगळे रिंगांवर घसरले असते.

उरलेला_बोल्ट

म्हणजे १८० नव्हतंच?

टॅपेटताई

नव्हतं.

नुसताच_वाचक

वाचनखूण साठवली. स्ट्रोबवाला भाग दोनदा वाचला.

चिखलगाडी

शेवटचे दोन प्रश्न. पहिल्यांदा चालू केल्यावर निळसर धूर आला, आता कमी झालाय. आणि रनिंग-इन कसं करू? कोणी म्हणतं तासभर स्लोवर ठेव, कोणी म्हणतं पहिल्या दिवसापासून पिळ.

ग्रीसमास्तर

स्लोवर ठेवू नका. एअर-कूल्ड इंजिन उभ्या उभ्या तापतं आणि रिंगांवर दाब नसेल तर त्या बोअरच्या चरांवर बसतच नाहीत. दोन-तीनदा गरम करून पूर्ण थंड होऊ द्या. मग चालवा, अर्ध्या थ्रॉटलपर्यंत, वेग सतत वर-खाली करत. थ्रॉटल सोडून इंजिनावर हळू होऊ द्या, त्याने बोअरच्या भिंतींवर तेल ओढलं जातं. एकसारख्या वेगाने लांब नको, चढावर जड ओढ नको. पहिल्या चक्करेनंतर तेल गरम असतानाच बदला, चकाकी दिसेल, घाबरू नका. थंड झाल्यावर टॅपेट परत तपासा आणि पुस्तकात सांगितलं असेल तर हेडचे नट पुन्हा टॉर्क करा.

तेल जासो एमए (ओल्या क्लचला चालणाऱ्या तेलाचं जपानी मानक) शिक्का असलेलंच. क्लच याच तेलात बुडालेला आहे. गाड्यांचं इंधन वाचवणारं तेल घातलंत तर तो घसरेल.

टॅपेटताई

धुराचं: बांधताना लावलेलं तेल सिलिंडर आणि सायलेन्सरमधे असतं, ते जळून जाईपर्यंत थोडा धूर चालतो. पुढे राहिलाच तर कधी येतो ते बघा. उतारावर थ्रॉटल सोडून आलात आणि पुन्हा दिल्यावर भपका आला, तर व्हॉल्व्ह सील किंवा गाइड. ओढताना सतत आला, तर रिंगा. दुसऱ्या प्रकारासाठी निदान पहिलं तेल बदलून थोडं चालवल्याशिवाय हेड पुन्हा उघडू नका.

ढकलस्टार्ट

माझी दोन्ही वेळेला मारते.

मायक्रोमीटर

डिझेल.